मुलाला गिटार घेताना



वार्षिक परीक्षा संपल्या की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "फादर, मुलाला गिटारच्या क्लासला घातलंय. कुठली गिटार घेऊ?" विचारणारे बहुधा वडील असतात, कधी आई असते, आणि हातात दुकानदाराने दिलेला कागद असतो. त्यावर तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंतचे आकडे. त्यातला कोणता आकडा गिटारचा आणि कोणता नुसत्या रंगाचा व नावाचा, हे त्या माणसाला कसे कळावे? दारात उभ्या उभ्या देण्यासारखे हे उत्तर नाही, म्हणून आजचे हे पान त्यासाठी.

आम्ही मोठे गिटारवादक आहोत असे कृपया कोणी समजू नये. सेमिनरीत भक्तिगीतांना साथ करण्यापुरत्या कॉर्ड शिकलो, त्या आजवर टिकून आहेत, एवढेच. परंतु निरनिराळ्या धर्मग्रामांतील गायनवृंदांबरोबर वावरताना मुले गिटार का सोडतात हे मात्र जवळून पाहिले आहे. मूल मोठ्या हौसेने सुरुवात करते. पहिले पंधरा दिवस शेजाऱ्यांना दुपारची झोप नसते. मग बोटे दुखतात म्हणते. मग 'एफ' कॉर्ड लागत नाही म्हणते. पावसाळा सुरू होईपर्यंत गिटार कपाटावर गेलेली असते आणि घरात निकाल लागतो, "आमच्या पोराच्या हातात संगीत नाही."

हा निकाल फार महाग पडतो. गिटारचे चार हजार गेले ते गेले. पहाटेच्या गाडीने दादरला फुले-भाजी नेणाऱ्या आईच्या घरात तेही थोडे नव्हेत. पण दहा वर्षांच्या मुलाने 'मला जमत नाही' असे एकदा मनाशी धरले की ते पुढे पन्नास वर्षे त्याच्याबरोबर राहते. आणि कितीतरी वेळा दोष मुलाच्या हातात नसतोच. त्या गिटारच्या तारा इतक्या उंच असतात की कसलेला वादकही पाव तासात ती खाली ठेवील.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात ॲरिस्टॉटल शिकताना एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसली. एखादी वस्तू चांगली की वाईट हे ठरवायचे असेल तर ती कशासाठी आहे हे आधी विचारावे. चांगली सुरी म्हणजे नीट कापणारी सुरी. मुठीवरचे नक्षीकाम नंतर. मग नवशिक्या मुलाची पहिली गिटार कशासाठी असते? मैफल गाजवण्यासाठी नाही. आज वाजवून झाल्यावर उद्या ती पुन्हा हातात घ्यावीशी वाटावी, यासाठी असते. त्याकरिता दोनच गोष्टी लागतात : ती बोटाखाली सोपी असली पाहिजे आणि सुरात खरी असली पाहिजे. लाकूड, नाव, रंग, आकार हे सगळे त्यानंतरचे.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच ठरवायची गोष्ट म्हणजे तारा नायलॉनच्या की पोलादी. दोन्ही गिटार दिसायला बहिणी वाटल्या तरी जात वेगळी आहे. नायलॉनच्या तारांची ती क्लासिकल गिटार. तिची आजची घडण एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील अंतोनिओ दे तोर्रेस ह्या कारागिराने पक्की केली. पूर्वी तिला मेंढ्यांच्या आतड्यांपासून केलेल्या तारा असत. नायलॉन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. पोलादी तारांची गिटार घडली ती मुख्यतः अमेरिकेत, आणि आपल्या गायनवृंदांत, कॉलेजांत, चित्रपटगीतांत आपण जी ऐकतो ती बहुतेक हीच. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ३५ ते ४० किलो असतो. पोलादी तारांचा ६५ ते ७५ किलोच्या घरात जातो. म्हणजे सिमेंटच्या भरल्या गोणीपेक्षा जास्त वजन त्या पातळ फळीला आणि त्या मानेला रात्रंदिवस ओढत असते. म्हणूनच क्लासिकल गिटारला पोलादी तारा कधीही लावू नयेत. ब्रिज उखडून हातात येतो. "दोन्ही चालतात" असे सांगणारा दुकानदार भेटला तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आम्ही नायलॉन सुचवू. बोटांना मऊ, आणि तीन चतुर्थांश आकारात सहज मिळते. तिची मान मात्र रुंद असते, तारांच्या सुरुवातीला सुमारे ५२ मिलिमीटर, तर पोलादी गिटारची ४३ च्या आसपास. त्यामुळे लहान हाताला ती पूर्ण आकारात घेऊ नये. बारा-तेरा वर्षांपुढच्या, भक्तिगीते आणि सिनेमाची गाणी वाजवू इच्छिणाऱ्या मुलाला सरळ पोलादी घ्यावी. बोटे दोन-तीन आठवडे दुखतील, मग टोकांना घट्टे पडतील. शेतात कुदळ धरणाऱ्यांच्या घरात घट्ट्यांचे कौतुक आम्ही काय सांगावे!

पोलादी गिटारमध्ये सगळीकडे दिसतो तो मोठा, रुंद कमरेचा आकार. त्याला ड्रेडनॉट म्हणतात. १९०६ साली इंग्लंडने ह्या नावाची प्रचंड युद्धनौका पाण्यात सोडली होती. १९१६ मध्ये अमेरिकेतील मार्टिन कारखान्याने एवढी मोठी गिटार बनवली तेव्हा त्या नौकेचे नाव तिला मिळाले. आवाज दणदणीत, गायनवृंदाला उत्तम. पण सडपातळ मुलीच्या किंवा लहान चणीच्या मुलाच्या उजव्या खांद्याला ती अक्षरशः टांगते. मूल गिटार घेऊन बसले की त्याचा खांदा वर उचललेला दिसतो का, एवढे पाहावे. दिसत असेल तर लहान आकाराची मागावी. दुकानदार ती आतून काढून देतो. दर्शनी भागात क्वचितच ठेवतो. मुलाला मात्र बरोबर न्यावेच. गिटार ही वाढदिवसाला गुपचूप आणण्याची वस्तू नव्हे. चपलेचे माप घेताना पाय नेतो, मग गिटारला हात नको का न्यायला?

आता बोटाखालचा सोपेपणा. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार आणि फ्रेट यांच्यातील अंतराला वादक मंडळी 'ॲक्शन' म्हणतात. हे अंतर जास्त असले की तार दाबायला जोर लागतो, बोटे सोलवटतात आणि दाबताना तार ताणली जाऊन सूरही चढतो. हे मोजायला पट्टी नसली तरी चालते. खिशातले एटीएम कार्ड काढा. जगभर त्याची जाडी ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. उठावाची अक्षरे नसलेली तीन कार्डे एकावर एक ठेवली की सव्वादोन मिलिमीटरच्या किंचित वर झाले. मानेच्या टोकापासून बारावा फ्रेट मोजा (तिथे बहुधा दोन ठिपके असतात) आणि सर्वांत जाड तारेखाली ती तीन कार्डे सरकवून पाहा. पोलादी गिटारमध्ये ती तारेला जेमतेम लागून गेली तर उंची योग्य. चार कार्डे सैल जात असतील तर गिटार दुरुस्त करून घ्यावी लागेल. पाच जात असतील तर ती मुलासाठी नाही. नायलॉन गिटारमध्ये चार-पाच कार्डांची उंची चालते, कारण तारा मऊ असतात आणि जास्त हलतात. दुकानात कार्डे काढून असे मोजमाप सुरू केले की दुकानदार थोडा चमकतो, पण बोलण्याची पद्धत लगेच बदलते, हेही सांगून ठेवतो.

हीच परीक्षा मानेच्या दुसऱ्या टोकालाही करायची, आणि तिथे बहुतेक लोक करत नाहीत. तारा जिथून मानेवर उतरतात तिथे हाडासारखी पांढरी पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिच्या खाचा कमी खोदल्या असतील तर पहिल्या फ्रेटजवळ तार उंच राहते आणि 'एफ' कॉर्ड लावणे हे प्रायश्चित्त होऊन बसते. तिसऱ्या फ्रेटजवळ तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते डोळ्यांनी पाहा. केसाएवढी असावी. कागदाची घडी जाईल इतकी फट असेल तर खाचा खोल करून घ्याव्या लागतील. काम छोटे आहे, कानशीने दहा मिनिटांचे, पण जाणत्या हाताचे. ज्या मुलांनी 'एफ' कॉर्डपाशी हात टेकले, त्यांच्यापैकी कितीजण ह्या एका पट्टीने हरवले असतील, देव जाणे.

मग मान सरळ आहे का ते पाहावे. आपले सुतार फळी घेताना एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकतात, अगदी तसेच, नटच्या बाजूने ब्रिजकडे पाहायचे. मान किंचित आत वाकलेली असली तर हरकत नाही, उलट तशी असावीच लागते, कारण वाजवताना तारेला झुलायला जागा हवी. पिळवटलेली मात्र नसावी. पोलादी गिटारच्या मानेत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती फिरवून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. पिळलेल्या मानेला ह्या सळईचाही उपयोग नाही. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा दाबून वाजवावी. कंटाळवाणे काम आहे, शंभराहून जास्त स्वर होतात. पण एखाद्या ठिकाणी खरखर ऐकू आली तर ती दुकानातच ऐकलेली बरी. हात मानेवरून वरखाली फिरवावा. फ्रेटची टोके बोटाला ओरबाडत असतील तर कारागिराने घाई केली आहे.

सुराचे खरेपण हा विषय आम्हाला स्वतःला फार आवडतो. पायथागोरसच्या नावाने सांगितली जाणारी जुनी गोष्ट अशी की तार बरोबर अर्धी केली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो आणि दोन तृतीयांश केली की पंचम मिळतो. गिटारचा बारावा फ्रेट म्हणजे तो अर्धा भाग आणि सातवा म्हणजे जवळजवळ तो दोन तृतीयांश. मधले फ्रेट कुठे बसवायचे? खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ साली छापलेल्या ग्रंथात सोपा नियम दिला : उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा फ्रेट बसवा, मग पुन्हा उरलेल्याचा अठरावा, असे करत चला. आज कारखाने १८ ऐवजी १७.८१७ ने भागतात, कारण त्या हिशेबाने बारावा फ्रेट नेमका मध्यावर येतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट साडेछत्तीस मिलिमीटरवर पडतो. बापलेकांत कोणी जगाला जास्त दिले यावर वाद होईल, पण प्रत्येक रविवारी आपल्या कानांवर उपकार करतात ते वडीलच.

हे सांगण्याचे कारण असे की ह्या मोजमापात चूक झालेली गिटार कोणालाही दुरुस्त करता येत नाही. ती मोकळ्या तारेवर सुरात लागते आणि वर सरकले की बेसूर होते. शिकणाऱ्या मुलाचा कान अजून कच्चा असतो. त्याला वाटते आपलेच चुकते आहे. परीक्षा अशी : मोबाइलवर ट्युनरचे ॲप घ्या, फुकट मिळते. तार मोकळी वाजवून सुरात लावा. मग बाराव्या फ्रेटवर नेहमीसारखी दाबून वाजवा. ॲपचा काटा पुन्हा त्याच स्वरावर, मध्यावर किंवा मध्याच्या अगदी जवळ आला पाहिजे. सहाही तारांवर पाहा. दुकानातल्या जुन्या, गंजलेल्या तारांमुळे थोडा फरक पडतो; शंका आली तर तारा बदलून पुन्हा वाजवून दाखवायला सांगावे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण पापांचे क्षम्य आणि घातक असे दोन वर्ग शिकतो. गिटारच्या दोषांचेही तसेच करावे. तारा उंच असणे, नटच्या खाचा कमी खोल असणे, तारा गंजलेल्या असणे, खुंट्या घट्ट फिरणे हे सगळे क्षम्य. थोड्या पैशांत सुधारते. मान पिळलेली, फ्रेट चुकीच्या जागी, ब्रिज तिरका बसवलेला, वरची फळी ब्रिजमागे फुगलेली, हे घातक. त्यापुढे कितीही सवलत मिळाली तरी परत फिरावे.

लाकडाविषयी दुकानात फार बोलले जाते, म्हणून थोडे सांगतो. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, बाजूच्या व मागच्या फळ्यांतून कमी. वर उल्लेख केलेल्या तोर्रेस यांनी हे सिद्ध करायला १८६२ साली एक गिटार बनवली. वरची फळी उत्तम स्प्रूस लाकडाची आणि मागची बाजू व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा "मागची बाजू शिसवीची आहे" म्हणून कोणी पाच हजार जास्त मागत असेल तर तोर्रेस यांची आठवण ठेवावी. शिसवीला नावे ठेवतो असे नव्हे. आपल्या सह्याद्रीत वाढणारे हे लाकूड जगातल्या नामांकित गिटारांना लागते. ब्राझीलचे लाकूड मिळेनासे झाल्यावर मार्टिन कारखान्याने १९६९ मध्ये भारतीय शिसवीच धरली. आपल्या आजोबांच्या पलंगाला जी शिसवी आहे, तिचीच ही भावंडे. पण आपण इथे मध्यम खिशाचा विचार करत आहोत.

वरची फळी दोन प्रकारची असते. एकसंध लाकडाची, तिला सॉलिड टॉप म्हणतात. आणि पातळ थर चिकटवलेली, म्हणजे सोप्या भाषेत प्लायवुड. ओळखायचे कसे? मधल्या गोल भोकाची कड निरखून पाहा. वरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरताना दिसल्या तर एकसंध. कडेला थर दिसले तर प्लाय. एकसंध फळीचा आवाज मोकळा असतो आणि वर्षागणिक खुलत जातो असे वादक सांगतात. परंतु पहिल्या गिटारसाठी प्लाय म्हणून नाक मुरडू नये. आपल्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत प्लाय कमी कुरकुर करते.

आता पैशांचे. हे लिहिताना बाजारात पाच हजारांच्या आत ज्या गिटार मिळतात, त्यांत चांगली नग निवडून काढावी लागते. एकाच बनावटीच्या दोन गिटार सारख्या निघतीलच असे नाही. कोलकाता हे आपल्या देशातले गिटार बनवण्याचे जुने केंद्र. तिथल्या गिवसनसारख्या नावांवर आपल्याकडच्या कित्येकांनी पहिली कॉर्ड वाजवली आहे. घरची परिस्थिती तेवढीच असेल तर संकोच नको. जाणत्या माणसाला बरोबर न्यावे, चार-पाच नग हाताळावेत आणि घेतलेल्या गिटारची ॲक्शन लगेच उतरवून घ्यावी. आठ ते बारा हजारांत मात्र निवडीची जोखीम बरीच कमी होते. यामाहाची एफ ३१० ही प्लायच्या फळीची गिटार अनेक वर्षे शिक्षकांच्या तोंडी आहे, ती देखणी आहे म्हणून नव्हे तर एकासारखी दुसरी निघते म्हणून. ह्या कंपनीचा आता चेन्नईजवळही कारखाना आहे. नायलॉनमध्ये त्यांचीच सी ४० तशीच भरवशाची. एकसंध फळीची गिटार हवी असेल तर साधारण पंधरा हजारांच्या पुढे जावे लागते, आणि ती दुसरी गिटार म्हणून घ्यावी, मूल दोन वर्षे टिकल्यावर. तेव्हा ते स्वतःच्या कानाने निवडील.

ठरवलेल्या रकमेचा दहावा हिस्सा दुकानात खर्च करू नये. दहा हजार असतील तर गिटार नऊ हजारांची घ्यावी आणि उरलेल्यात सेट-अप, तारांचा एक जादा संच आणि जाड कापडाची पिशवी घ्यावी. सेट-अप म्हणजे जाणत्या कारागिराकडून मान, नट आणि ब्रिज जुळवून घेणे. बारा हजारांच्या न जुळवलेल्या गिटारपेक्षा आठ हजारांची जुळवलेली गिटार मुलाला जास्त शिकवते, हे आमचे ठाम मत आहे. तारा पातळ मागाव्यात. नवशिक्यासाठी पहिली तार ०.०१० किंवा ०.०११ इंचाची पुरे. लाल-काळ्या चमकत्या रंगाच्या, पिक-पट्टा-पुस्तकासह 'पूर्ण संच' म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारपासून दूर राहावे. ज्या पैशांत मान नीट घडली असती ते पैसे त्या पट्ट्यात गेलेले असतात.

शक्य असेल तर एक दिवस काढून धोबीतलावला जाऊन यावे. मरीन लाईन्सला उतरले की चालत जाण्याइतके जवळ. त्या भागात वाद्यांची जुनी दुकाने आहेत. फुर्टाडोजची परंपरा तर १८६५ पासूनची. विकत काही न घेता दहा गिटार हाताळून परत आलात तरी हाताला चांगली मान म्हणजे काय हे कळते. घरबसल्या मागवलेल्या गिटारला एवढीच अडचण आहे की ती हाताळायला मिळते तेव्हा पैसे गेलेले असतात. परत करण्याची मुदत विचारून घ्यावी आणि खोके आल्याच्या दिवशीच कार्डांची व ॲपची परीक्षा करावी.

जुनी गिटार घेण्यात कमीपणा मानू नये. आपल्याच धर्मग्रामात किती गिटार माळ्यावर पडून असतील! फक्त ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा शिरतो का ते पाहा. शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. फ्रेटवर तारांनी खोल खड्डे पाडले असतील तर तोही खर्च धरावा.

गायनवृंदासाठी गिटार घेताना प्रश्न थोडा वेगळा. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पूजाविधीवरील दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मान देतानाच, उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही दार उघडले. त्यातूनच आपल्या देवळांत गिटार आली. मोठ्या देवळात तिचा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तरुण मंडळी स्पीकरला जोडता येणारी गिटार मागतात. मागणी योग्य आहे. पण लक्षात ठेवा, त्याच किमतीत यंत्र बसवायचे म्हणजे लाकडातून काहीतरी कापले जाते. चांगली साधी गिटार आणि समोर एक माइक, हा मार्ग पुष्कळदा स्वस्त आणि गोड. यंत्रवाली घेतलीच तर वायर जोडलेली ठेवून घरी जाऊ नये. बॅटरी रात्रभर संपते आणि रविवारी प्रवेशगीतालाच गिटार मुकी होते. घरच्या मुलासाठी ते यंत्र मुळीच नको.

राहिला पावसाळा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ऐंशीच्या वर सहज जाते. लाकूड पाणी पिते, वरची फळी फुगते, तारा उंच होतात. मेमध्ये सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये कठीण का झाली, याचे कारण मुलाचा आळस नसून बहुधा हे असते. भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळ्यात भिंत ओलावा देते. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दर महिन्याला बदलाव्यात. घाम आणि खारी हवा मिळून पोलादी तारा आठ-दहा दिवसांत काळ्या पडतात. वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार पुसण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी. सहा-आठ महिन्यांनी तारांचा संच बदलावा. रोज वाजणाऱ्या गिटारच्या तारा सैल करण्याची गरज नाही. महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर मात्र थोड्या उतरवाव्यात.

ज्यांच्या घरी जुनी गिटार पडून आहे त्यांनी ती येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये घेऊन यावी. गायनवृंदातील मुले तीन कार्डे आणि ट्युनर घेऊन बसतील व कोणती गिटार दुरुस्त होण्यासारखी आहे ते सांगतील. नव्या तारा बसवून हव्या असतील तर तारांचा संच प्रत्येकाने आपला आणावा, आणि गिटारच्या पोटात झुरळे नाहीत ना, हे घरीच झटकून पाहावे.